हप्ते चालू असताना कोर्टाचं समन्स आलं, त्यानंतरचे पाच महिने

दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या खात्यातून कर्जाच्या हप्त्याचे ६,००० रुपये जात होते, ठरल्यापासून एकही हप्ता चुकला नव्हता, आणि तरी ९ एप्रिल २०२५ ला दुपारी बेलीफ घरी येऊन समन्स देऊन गेला. मी ऑफिसला होते. सासूबाईंनी सही करून पाकीट घेतलं आणि देवघराच्या फळीवर ठेवलं, रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी ते हातात दिलं. म्हणाल्या, "अगं कोर्टातला माणूस होता, मी घाबरून सही केली, चुकलं का माझं?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. घरातल्या सज्ञान माणसाने घेतलं तरी समन्स बजावलं गेलं असंच धरतात. पण मुदत त्या दुपारपासूनच चालू झाली होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

हे सगळं लिहितेय कारण त्या रात्री मी मोबाईलवर मराठीत कितीतरी शोधलं आणि "दावा आला तर घाबरू नका, वकिलांचा सल्ला घ्या" एवढंच मिळत होतं. मला पाहिजे होतं की उद्या सकाळी नेमकं कुठे जायचं, काय घेऊन जायचं, किती दिवस आहेत.

आधी थोडं मागचं. ऑगस्ट २०२१ मध्ये मी पाच लाखाचं पर्सनल लोन घेतलं, सासऱ्यांचं ऑपरेशन आणि कोविडमध्ये झालेली उधारी यासाठी. पाच वर्षं मुदत, हप्ता ११,६३४. मे २०२३ पर्यंत एकवीस हप्ते वेळेवर भरले. मग नवऱ्याची कंपनी बंद पडली, माझ्या एकटीच्या पगारात घरभाडं, मुलाची फी, सासऱ्यांची औषधं, आणि जून २०२३ पासून हप्ता थांबला. पुढचं वर्ष कसं गेलं ते फार लिहीत नाही, ज्यांनी वसुलीचे फोन घेतलेत त्यांना सांगायची गरज नाही. एकच सांगते, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. हे मला खूप उशिरा कळलं, आधी कळलं असतं तर रात्री दहाला फोन उचलून रडले नसते.

ऑगस्ट २०२४ मध्ये नवऱ्याला परत काम लागलं, पगार आधीपेक्षा कमी पण काम लागलं, आणि मी स्वतःहून कर्ज देणाऱ्यांच्या वसुली विभागात जाऊन बसले. दोन चकरा झाल्यावर त्यांनी मान्य केलं की दरमहा ६,००० प्रमाणे १२ हप्ते भरायचे, त्यानंतर परत बसून बघायचं, आणि हप्ते नियमित असतील तोवर पुढची कारवाई थांबवायची. तिथल्या साहेबांनी हे तोंडी सांगितलं होतं. मी म्हटलं सर मला एक मेल टाका ना, तेवढंच माझ्या नवऱ्याला दाखवता येईल. २२ ऑगस्ट २०२४ ला तो चार ओळींचा मेल आला. खरंच नवऱ्याला दाखवायलाच मागितला होता, पुढे सगळी केस त्या चार ओळींवर उभी राहील असं डोक्यातही नव्हतं.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्यांच्या वकिलाची नोटीस आली होती, पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम भरा नाहीतर दावा लावू. मी लगेच वसुली विभागात फोन केला, तिकडून सांगितलं की मॅडम ती सिस्टिममधून आपोआप जाते, तुमचे हप्ते चालू आहेत ना मग लक्ष देऊ नका. मी लक्ष दिलं नाही. त्या नोटिशीला रजिस्टर पोस्टाने एका पानाचं उत्तर पाठवलं असतं, सोबत मेलची प्रिंट आणि भरलेल्या हप्त्यांची यादी, तर कदाचित दावा लागलाच नसता. वसुली विभाग वेगळा, कायदा विभाग वेगळा, आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. फोनवर कोणी काहीही सांगू दे, नोटिशीचं उत्तर लेखीच द्या.

तर ९ एप्रिलची रात्र. पाकिटात समन्स, दाव्याची प्रत, लोन ॲग्रीमेंटची झेरॉक्स आणि खातेउतारा होता. पहिल्यांदा मी खात्री केली की हे खरं आहे का, कारण व्हॉट्सॲपवर कोर्टासारखी दिसणारी खोटी पत्रं मला आधी दोनदा आली होती. ई-कोर्ट्सचं सरकारी ॲप आहे, त्यात सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकला की केस दिसते. पुण्याच्या केसचा नंबर एमएचपीयू असा सुरू होतो. माझी केस तिथे दिसली, जानेवारी २०२५ मध्ये दाखल, समरी सूट. पोटात गोळा आला, पण निदान खरं काय ते कळलं.

समरी सूट म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा दावा. साध्या दाव्यात तुम्हाला कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस मिळतात आणि कोर्टाने मुदत वाढवली तर जास्तीत जास्त ९० दिवस. इथे तसं नाही. इथे समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत फक्त हजर झाल्याची नोंद करायची आणि आपला पत्ता द्यायचा. मग वादी, म्हणजे दावा लावणारा, दुसरं समन्स पाठवतो, निकालासाठीचं, आणि ते मिळाल्यापासून पुन्हा १० दिवसांत बचावाची परवानगी मागायची, प्रतिज्ञापत्रावर. म्हणजे तुम्हाला आपोआप बोलायचा हक्क नाही, तो मागून घ्यावा लागतो. आणि पहिल्या १० दिवसांत हजरच झालं नाही तर वादीचं म्हणणं कबूल आहे असं धरून हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, होतो. उशिराला योग्य कारण दिलं तर कोर्ट माफ करू शकतं, पण तिथवर जाऊच नये.

म्हणून समन्सवर काय लिहिलंय ते नीट वाचा. ऑर्डर ३७ असेल तर दहा दिवस.

दहा दिवस ऐकायला बरे वाटतात. मी कॅलेंडर काढलं. १० एप्रिल महावीर जयंती, १२ ला दुसरा शनिवार, १३ रविवार, १४ ला बाबासाहेबांची जयंती, १८ ला गुड फ्रायडे. १९ तारखेला मुदत संपत होती आणि मधले कामाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १० तारखेला सुट्टी होती म्हणून दिवसभर बसून सगळं वाचलं. दावा ४,६८,३१२ रुपयांचा होता आणि वर १८ टक्क्यांनी पुढचं व्याज. खातेउतारा ३१ ऑगस्ट २०२४ ला थांबलेला. म्हणजे सप्टेंबरपासून मी भरलेले हप्ते त्यात नव्हतेच. दावा दाखल झाला तोवर पाच हप्ते, ३०,००० रुपये, आणि समन्स आलं तोवर आठ हप्ते, ४८,००० रुपये गेलेले. त्या २२ ऑगस्टच्या मेलचा तर दाव्यात उल्लेखच नव्हता. वाचताना राग आला, खूप आला, आणि खरं सांगते, रागामुळे भीती जरा कमी झाली.

नवरा म्हणाला हप्ते आता बंद कर, कोर्टातच बघू. शेजारच्या दादांनीही तेच सांगितलं. मी बंद केले नाहीत आणि तो निर्णय बरोबर ठरला, पुढे येईलच ते.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होता. एका ओळखीच्या वकिलांनी २०,००० सांगितले, त्यांचं चुकीचं नाही, त्यांचं काम आहे. एका कर्जमुक्तीवाल्या एजन्सीने २५,००० आगाऊ मागितले आणि वर म्हणाले कोर्टात जायचीच गरज नाही, आम्ही बघतो. त्यांचं ऐकलं असतं तर एकतर्फी हुकूमनामा झाला असता. मग ऑफिसातल्या एका ताईंनी सांगितलं की बायकांना फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मला वाटलं तसं काही नसणार. पण आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, त्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार वगैरे आहेत, आणि बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर.

११ तारखेला शुक्रवारी अर्धी रजा टाकून शिवाजीनगर कोर्टात गेले. मेट्रो अगदी कोर्टापाशी सोडते, जिल्हा न्यायालय असंच स्टेशनचं नाव आहे. आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारत विचारत सापडलं. आधार कार्ड, समन्सची आणि दाव्याची झेरॉक्स, आणि तिथेच मिळालेला अर्ज भरला. मी सारखी सांगत होते की साहेब १९ तारखेला मुदत संपतेय, तर तिथल्या बाईंनी अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने "मुदत १९/४" लिहिलं. तुम्ही गेलात तर मुदतीची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा.

१५ तारखेला विधी सेवेच्या पॅनेलवरच्या वकील मॅडमचा फोन आला. वयाने माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, देणं आहे की नाही?" मी म्हटलं आहे मॅडम, मी नाही म्हणतच नाहीये. तर म्हणाल्या बरं, मग एक गोष्ट लक्षात ठेवा, देणं असणं वेगळं आणि आज देय असणं वेगळं. तुम्ही हप्त्यांनी देताय, समोरच्याने ते मान्य करून घेतलंय, तर आजच्या तारखेला जेवढे हप्ते पडलेत तेवढंच देय आहे आणि ते तुम्ही भरलंय. पूर्ण रक्कम एकदम मागायचा हक्क त्यांना आत्ता आहे का, हा आपला मुद्दा.

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. कारण तोवर माझ्या मनात होतं की मी कर्जबुडवी आहे, कोर्टात उभं राहून काय तोंडाने बोलणार.

१६ तारखेला वकीलपत्र, हजर झाल्याची पुरसिस (कोर्टाला तसं लेखी कळवणं) आणि पत्त्याचा कागद दाखल झाला. त्याच दिवशी वादीच्या वकिलालाही हजर झाल्याचं कळवावं लागतं, ते मॅडमनी रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पावती मला फाईलला लावायला दिली. एवढं करून मी घरी आले आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मग काहीच झालं नाही. मे महिन्यात दिवाणी कोर्टांना सुट्टी असते. मी रोज ॲप उघडून बघायचे, तीच तारीख दिसायची. या वाट बघण्यात माणूस जास्त थकतो असं मला वाटतं, कागद करायचे असतात तेव्हा निदान हात चालू असतात. या काळात मी सगळे पुरावे एका फाईलला लावले. प्रत्येक हप्त्याचा यूटीआर नंबर (पैसे गेल्याचा बँकेचा व्यवहार क्रमांक), तारीख, रक्कम अशी हाताने यादी केली, बँकेकडून शिक्क्याचं स्टेटमेंट घेतलं, मेलची प्रिंट काढली. मेल किंवा व्हॉट्सॲप पुरावा म्हणून द्यायचं तर नुसती प्रिंट चालत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ६५-ब म्हणायचे, आता भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ६३ झालंय. मॅडमनी मसुदा दिला, मी सही केली. मूळ मेल डिलीट करू नका, फोन बदललात तरी.

याच काळात ज्या भीत्या मनात होत्या त्या मी मॅडमना एकेक करून विचारून घेतल्या. पोलीस येतील का? नाही, हा दिवाणी दावा आहे. चेक किंवा ईसीएस (खात्यातून आपोआप जाणारा हप्ता) बाउन्सची केस लावली असेल तर ती वेगळी, फौजदारी, आणि तिची तारीख कधीच चुकवायची नाही, माझ्यावर ती नव्हती. पगार जप्त होईल का? हुकूमनामा झाला आणि दरखास्त, म्हणजे त्याच्या वसुलीचा अर्ज, लावली तर होऊ शकतो, पण सगळा नाही, पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडून. ही उत्तरं ऐकून भीती गेली नाही पण तिला आकार आला, आकडा आला.

१७ जूनला दुसरं समन्स आलं. पुन्हा दहा दिवस, २७ पर्यंत. आता बचावाच्या परवानगीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. इथे एक गोष्ट आहे जी मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. तुम्ही अर्जात सरळ लिहिलंत की एवढी एवढी रक्कम मी देणं लागते आणि ती आज देय आहे, तर ती कबूल रक्कम कोर्टात जमा केल्याशिवाय परवानगी मिळत नाही. ऑर्डर ३७ मध्येच तसं आहे. प्रामाणिकपणे "हो तीन लाख बाकी आहेत" लिहून मोकळी झाले असते तर तीन लाख आधी भरा असं झालं असतं, आणि तेवढे असते तर मी तिथे कशाला असते. खोटं लिहायचं नाही, पण जे आहे ते पूर्ण लिहायचं. आम्ही लिहिलं की कर्ज घेतलं हे खरं, हप्ते थकले हे खरं, २२ ऑगस्ट २०२४ ला परतफेडीची व्यवस्था ठरली, तिच्याप्रमाणे आजवर दहा हप्ते म्हणजे ६०,००० भरले, एकही चुकला नाही, वादीने ती व्यवस्था आणि ते पैसे दोन्ही दाव्यात दडवले, त्यामुळे मागितलेली रक्कम आज एकरकमी देय नाही आणि हिशोबही चूक आहे. दंडाचाही मुद्दा घेतला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितलंय की दंड व्याजाच्या स्वरूपात लावायचा नाही, दंड आकार म्हणून लावायचा आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, आणि २०२४ मध्ये ते लागू झालं. माझ्या उताऱ्यात तर २०२४ च्या जुलै-ऑगस्टलाही दंडव्याजाच्या ओळी होत्या.

आता कळलं असेल हप्ते का चालू ठेवले. एक जरी हप्ता चुकला असता तर "एकही चुकला नाही" हे वाक्य लिहिता आलं नसतं.

२५ जूनला अर्ज दाखल झाला. प्रतिज्ञापत्रावर सही करताना हात थरथरत होता, तिथल्या क्लार्कने पाणी दिलं. कोर्टाने अर्जावर वादीचं म्हणणं मागवलं, तिथे सगळे त्याला "से" म्हणतात, मला वाटलं मलाच काही बोलायला सांगतायत. १५ जुलैची तारीख पडली.

तारखेच्या दिवसाचं थोडं सांगते, कारण पहिल्यांदा जाताना याचीच जास्त भीती असते. साडेदहाला पोचा. दाराबाहेर बोर्ड लावलेला असतो, त्यात आपला नंबर बघून ठेवा. पुकारा झाला की आत जाऊन उभं राहायचं, वकील बोलतात. माझा पुकारा पावणेएकला झाला आणि दोन मिनिटांत संपला, वादीच्या वकिलाने मुदत मागितली. एवढ्यासाठी एक दिवसाची रजा गेली. मोबाईल बंद ठेवा, डबा न्या, आणि शक्य असेल तर कोणाला तरी सोबत न्या. माझ्यासोबत सासूबाई आल्या होत्या, चार तास त्या बाकावर शांत बसून होत्या.

५ ऑगस्टला पुढची तारीख. त्याच दिवशी माझा बारावा हप्ता गेला, म्हणजे मेलमधली व्यवस्था संपली. आता "कारवाई थांबवू" या शब्दाचा आधार संपत होता आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. कोर्टाने आमचा अर्ज आणि मेलची प्रिंट बघितली, वादीच्या वकिलांना विचारलं की हा मेल तुमच्याच माणसाचा आहे ना, आणि मग दोघांनाही, तडजोडीची शक्यता आहे का. आमची होतीच. वादीच्या वकिलांनी सूचना घेऊन सांगतो म्हटलं. केस १३ सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवायचं ठरलं. आमच्या अर्जावर निकाल झालाच नाही. परवानगी मिळाली असती की अटीवर मिळाली असती हे मला आजही माहीत नाही, पण तो अर्ज नसता तर पुढे बसून बोलायला समोरचा तयार झाला नसता एवढं नक्की.

लोकअदालतीच्या आधी एक बैठक होते. आमची २९ ऑगस्टला झाली, गौरी यायच्या दोन दिवस आधी, घरात पाहुणे. जायच्या आदल्या रात्री नवरा आणि मी स्वयंपाकघरात बसून खर्चाचा कागद केला. भाडं, किराणा, फी, औषधं, प्रवास, लाइट, सगळं. उरत होते ७,४०० च्या आसपास. म्हणून ठरवलं की ७,००० च्या वर एक रुपयाही कबूल करायचा नाही, कोणी कितीही गोड बोललं किंवा दमात घेतलं तरी. ही तयारी फार कामाला आली. त्यांनी पहिल्यांदा १२,००० सांगितले. मग १०,०००. मी तो कागद पुढे सरकवला आणि म्हटलं सर, १०,००० मी आज हो म्हणेन आणि चौथ्या महिन्यात चुकेन, मग तुम्हालाही त्रास आणि मलाही. ते अधिकारी कागद बराच वेळ वाचत होते.

१३ सप्टेंबरला शनिवारी लोकअदालत. गर्दी खूप, चलानवाले, चेकवाले, कौटुंबिक, सगळे. पॅनेल असतं, ते तुमच्या संमतीशिवाय काही लादू शकत नाही, नाही जमलं तर केस परत कोर्टात जाते, हे आधीच कळलेलं असलं की दडपण कमी होतं. आमचं ठरलं ते असं. एकूण ३,६०,०००. त्यातून सप्टेंबर २०२४ पासून भरलेले तेरा हप्ते, ७८,०००, वजा. उरले २,८२,०००. त्यातले ३०,००० त्याच दिवशी, माझी भिशी लागली होती ती तशीच ठेवली होती. बाकी २,५२,००० दरमहा ७,००० प्रमाणे ३६ हप्ते, नियमित भरले तर पुढचं व्याज नाही. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम एकदम, आणि त्यांना दरखास्त लावता येईल.

सही करण्याआधी मॅडमनी मला बाजूला घेऊन तीन-चार गोष्टी सांगितल्या. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, तेव्हा नंतर मन बदललं तर उपयोग नाही. दावा निकाली निघाला की वादीला कोर्ट फी परत मिळते, म्हणून त्यांनाही तडजोडीत रस असतो, हे बोलणी करताना लक्षात ठेवायचं. आणि सिबिलवर हे खातं बहुतेक "सेटल्ड" दिसेल, "क्लोज्ड" नाही, पुढे कर्ज घेताना विचारतील. हे मला टोचलं, मुलाच्या शिक्षणाला पुढेमागे लोन लागेल. पण दुसरा मार्ग नव्हता. मी एवढंच मागितलं की शेवटचा हप्ता गेल्यावर ३० दिवसांत नो ड्यूज लेखी द्यायचं, आणि ते तडजोडीच्या कागदातच घालून घेतलं. हप्ता कुठल्या खात्यात भरायचा तो खाते नंबरही त्यातच लिहून घेतला. तुम्हीही घ्या, फोनवर नंबर बदलून सांगणारे निघतात.

खर्चाचं विचारतात सगळे म्हणून सांगते. वकील फी शून्य. झेरॉक्स, प्रिंट, पोस्ट, शिक्क्याचं स्टेटमेंट, मेट्रो-रिक्षा धरून साधारण २,३०० रुपये गेले. रजा मिळून पाच दिवस, त्यातले दोन बिनपगारी. मॅडमना मी काही द्यायला गेले तर त्यांनी घेतलं नाही, म्हणाल्या विधी सेवेच्या केसमध्ये पक्षकाराकडून घेता येत नाही. कोणी विधी सेवेचा वकील वर पैसे मागत असेल तर त्याच ऑफिसात जाऊन सांगता येतं.

निवाड्याची नक्कल मी दोन प्रतींत घेतली, एक घरात, एक माहेरी दादाकडे. ५ ऑक्टोबरला रविवार होता, मला वाटलं पैसे सोमवारी जातील, पण सकाळीच गेले. ७,०००. यूटीआर नंबर वहीत लिहिला, खाली ३५ बाकी असं लिहिलं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी विचारलं आता तो कोर्टातला माणूस परत येणार नाही ना. मी म्हटलं नाही आई, आणि आला तरी तुम्ही सही करून घ्या, फक्त मला लगेच फोन करा.